परिसराची माहिती देणारे स्वयंसेवी नेटवर्क: धनी आणि मुदत नसलेली नोंद छापू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या धायरी, नऱ्हे, वडगाव बुद्रुक या पट्ट्यातले सात जण. परिसराचे पाच-सहा व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. पाणी बंद, वीज बंद, धरणातून विसर्ग, रक्त हवे आहे, पाकीट सापडले, सगळे एकाच ढिगात येऊन पडते. त्यातले आजचे कोणते आणि गेल्या वर्षीचे कोणते हे कुणालाच कळत नाही. म्हणून नफा न घेता, सगळ्यांना खुली अशी परिसराची वेबसाइट काढायची आहे. विचारले आहे ते असे: सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, संस्था नोंदवावी का, आणि पैसा कुठून उभा करावा.

तिन्हींची उत्तरे देतो, पण शेवटाकडे, कारण खरी अडचण त्या तिन्हींत नाही. तुमच्याकडे माहिती कमी नाही, उलट जास्तच आहे. जी येते तिच्यासोबत तीन गोष्टी येत नाहीत: ती कुणी सांगितली, नेमकी कोणत्या भागाला लागू आहे आणि कधी शिळी होणार. असा ढीग ग्रुपवरून उचलून वेबसाइटवर ठेवला तर तो ढीगच राहतो, वर त्याला तुमचे नाव चिकटते. म्हणून माझा पहिला नियम हा की जिला धनी नाही आणि मुदत नाही अशी एकही नोंद छापायची नाही. धनी म्हणजे दोघे: ज्या कार्यालयाने सांगितले ते, आणि तुमच्यापैकी ज्याने तपासले तो. मुदत म्हणजे ती नोंद कोणत्या दिवशी किती वाजता बाद होणार ते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली, नऱ्हे २०२१ मध्ये. समाविष्ट गावांत बऱ्याच ठिकाणी अजून टँकर, विहिरी आणि ग्रामपंचायतीच्या काळातल्या जुन्या योजना यांवरच पाणी चालते. जुन्या हद्दीतल्या पेठांसाठी जी पद्धत चालेल ती तुमच्याकडे तशीच चालणार नाही. नदीकाठच्या सोसायटीला लागणारी माहिती टेकडीवरच्या वस्तीला लागत नाही. सात जणांपैकी किती जण दिवसा घरी असतात, यावरही बरेच ठरते. त्यामुळे खालचे आकडे आणि वेळा तुमच्या सोयीने हलवा. धनी आणि मुदत मात्र हलवू नका.

सुरुवात दोनच विषयांनी करा, पाणी आणि वीज. पहिले दोन महिने तिसरा विषय नको. या दोन गोष्टींत माणसाला आज काहीतरी करायचे असते (टाकी भरायची, पंप लावायचा, लिफ्टमधून आजीला खाली आणायचे), आणि माहिती चुकली तर ती चुकल्याचे दुसऱ्या दिवशी सकाळीच कळते. विश्वास अशाच जागी लवकर बसतो.

पाण्याचे बघू. पुण्यात देखभालीसाठीचे पाणी बंद बहुतेक वेळा गुरुवारी असते, आणि महापालिकेच्या जाहीर प्रकटनात ठरलेले वाक्य असते की शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. हे प्रकटन जलकेंद्र आणि टाक्यांच्या हिशोबाने लिहिलेले असते: पर्वती जलकेंद्र, वडगाव जलकेंद्र, वारजे, लष्कर, आणि त्याखाली भागांची लांबलचक यादी, शेवटी ‘इत्यादी परिसर’. आपले घर त्या ‘इत्यादी’त आहे की नाही, हाच प्रश्न दर वेळी ग्रुपवर पन्नास जण विचारतात. त्याचे उत्तर दर वेळी नव्याने शोधू नका. एकदाच तक्ता करा: डाव्या रकान्यात सोसायटी किंवा गल्ली, मग तिला पाणी देणारी टाकी, मग जलकेंद्र, मग पाणी सोडण्याची नेहमीची वेळ, आणि शेवटी हे कुणी कोणत्या तारखेला पडताळले.

हा तक्ता कागदावरून होत नाही. मागची दहा-बारा प्रकटने समोर ठेवा, म्हणजे निम्मे चित्र कळते. उरलेले चावीवाल्यांना विचारावे लागते. कोणती चावी फिरवली की कोणती गल्ली भरते, हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसते. त्यांचे नाव किंवा नंबर मात्र कुठेही टाकू नका, नाहीतर पाणी आले नाही की सगळा परिसर त्यांनाच फोन लावतो आणि पुढच्या वेळी ते तुमच्याशी बोलत नाहीत. टँकरवरच्या सोसायट्यांचा रकाना वेगळा ठेवा. नळाचे पाणी बंद असेल त्या दिवशी टँकरची मागणी वाढते, त्यामुळे त्यांना ही बातमी इतरांहून आधी हवी असते, बुधवारी सकाळीच. दोनशे सोसायट्यांचा तक्ता एका झटक्यात करायला जाऊ नका. तीस पक्क्या नोंदी झाल्या की वेबसाइटवर ठेवा, उरलेल्यांपुढे ‘पडताळणी बाकी’ असे स्पष्ट लिहा. लोक आपणहून कळवतात.

विजेला तक्ता वेगळा लागतो, कारण विजेच्या सीमा पाण्याच्या सीमांशी जुळत नाहीत. रस्त्याच्या अलीकडची बाजू एका फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या मुख्य वाहिनीवर), पलीकडची दुसऱ्यावर, असे सर्रास असते. म्हणून ‘आमच्याकडे आहे’, ‘आमच्याकडे गेली’ या निरोपांतून काहीच निष्पन्न होत नाही. फीडरचे नाव आणि डीपी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर) कोणती, एवढे दोन रकाने सोसायटीपुढे भरले की पाच जणांच्या उत्तरांवरून फीडर गेला की एकच डीपी, हे ओळखता येते. ज्याचे मीटर आहे त्याने महावितरणकडे स्वतःचा मोबाइल नंबर नोंदवला असेल तर नियोजित बंदचा एसएमएस थेट त्याला येतो. तो कसा नोंदवायचा हे सांगणारे एक कायमचे पान ठेवा. त्यासाठी बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक लागतो. हा क्रमांक किंवा बिलाचा फोटो ग्रुपवर टाकू नये, हेही त्याच पानावर ठळक लिहा. महावितरणचीही देखभाल पुण्यात बहुधा गुरुवारीच निघते, म्हणून पाणी आणि वीज दोन्ही एकाच दिवशी गेली तर एकच एकत्र नोंद करा आणि तीत ‘बुधवारी रात्री वरची टाकी भरून ठेवा’ हे आधी लिहा. कारण नंतर लिहा.

आता पावसाळा. या विषयावर थांबून बोलायला हवे, कारण चुकीची नोंद इथे माणसाच्या जिवावर बेतते.

टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांची मिळून उपयुक्त क्षमता सुमारे २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, आणि त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम १.९७ टीएमसीचा. वरच्या तिन्हींचे पाणी शेवटी खडकवासल्यातच येते. म्हणजे मोठ्या साखळीच्या तोंडाशी लहान भांडे आहे. ते लवकर भरते, आणि मग विसर्ग दिवसातून तीन-चार वेळा वाढवला-कमी केला जातो. ‘खडकवासल्यातून १३ हजार क्युसेक’ हा निरोप दुपारी दोनला खरा असतो, संध्याकाळी सहाला धोकादायक रीतीने खोटा. म्हणून विसर्गाच्या नोंदीत वेळ सगळ्यात आधी, आकडा नंतर, आणि मुदत जास्तीत जास्त चार तासांची. चार तासांत नवा आकडा मिळाला नाही तर जुनाच पुन्हा लिहायचा नाही. ‘सायंकाळी ६ नंतर नवी अधिकृत माहिती आलेली नाही’ असे लिहायचे.

क्युसेक म्हणजे काय हे कायमच्या पानावर समजावून ठेवा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे २८ टँकर. एवढे वाचले की आकड्याचा अर्थ पोटात उतरतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले तेव्हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास होता.

पण शहराच्या आकड्यावरून तुमच्या पार्किंगमध्ये पाणी येईल की नाही हे कळत नाही. त्यासाठी स्वतःच्या खुणा हव्यात. नदीकडच्या किंवा ओढ्याकडच्या प्रत्येक सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीबाहेर, उताराच्या तोंडाशी, भिंतीवर ऑइलपेंटने दर अर्ध्या फुटाला रेघ मारा. पाणी ज्या रेघेला लागले ती रेघ, तारीख, वेळ आणि त्या वेळचा जाहीर विसर्ग, असे चार आकडे वहीत. दोन-तीन पावसाळ्यांत तुमच्या भागापुरता असा तक्ता तयार होतो जो कोणत्याच कार्यालयाकडे नसतो. त्याचा उपयोग गाड्या आधी हलवण्यापुरता, तयारीपुरता. ‘आमच्या तक्त्यानुसार धोका नाही’ असे कधीही छापू नका. धोका नाही असे सांगण्याचा अधिकार आपला नाही.

आणखी एक. धरणाचा आकडा शून्य असला तरी पूर येतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेला पूर कात्रजच्या बाजूला झालेल्या पावसाचा होता. खडकवासल्याकडे डोळे लावून बसणाऱ्याला त्याचा पत्ता लागला नसता. धायरी-नऱ्हे मुठेच्या काठावर नाहीत, तुमची भीती ओढ्यानाल्यांची आहे. त्यामुळे डोंगराकडच्या बाजूला राहणारे दोन-तीन जण पावसाळ्यापुरते जोडून घ्या. त्यांनी एवढेच कळवायचे: ओढ्याचे पाणी पुलाच्या किती फूट खाली आहे.

‘धरण फुटले’ ही अफवा पुण्यात जितक्या वेगाने पसरते तितकी दुसरी कुठलीच नाही. १२ जुलै १९६१ चे पानशेत अजून घराघरांतल्या बोलण्यात आहे. त्यासाठीचा मजकूर जूनमध्येच तयार करून ठेवा: अधिकृत स्थिती कुठे बघायची, ११२ ला केव्हा फोन करायचा, आणि पूररेषेतल्यांनी अफवेची वाट न बघता कोणत्या खुणेला घर सोडायचे. ऐन वेळी शब्द शोधत बसलात तर दहा मिनिटे जातात, आणि तेवढ्यात लोक रस्त्यावर आलेले असतात.

आरोग्याच्या बाबतीत मी सगळ्यात कडक असतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा पाणी उकळून प्या हा सल्ला उपयोगाचा होता, आणि त्याच्यासोबत फिरणारे काढे, चिकन-पनीरचे इशारे, आकड्यांची स्पर्धा यांपैकी काय धरावे आणि काय सोडावे हे सामान्य माणसाला कळत नव्हते. नियम असा ठेवा की आरोग्याची नोंद महापालिकेच्या आरोग्य विभागाने किंवा राज्याच्या आरोग्य खात्याने जाहीर केलेलीच, त्यांच्याच शब्दांत, आणि त्यात उपचार नाही. रुग्णाचे नाव, इमारत, मजला तर कधीच नाही. ओळखीतल्या डॉक्टरांचा आवाज असलेली फीत आली तरी नाही.

रक्ताची मागणी हा यातला सर्वांत दुखरा भाग. रुग्ण बरा होऊन घरी जातो किंवा जात नाही, आणि तो निरोप दोन-दोन वर्षे फिरत राहतो. नातेवाइकांना मध्यरात्री फोन येत राहतात. अशा नोंदीत खाजगी नंबर न देता रुग्णालय आणि रक्तपेढी यांचे नाव, रक्तगट, किती पिशव्या, आणि ४८ तासांची मुदत. मुदत संपली की पानावर आपोआप ‘गरज संपली’ असे दिसले पाहिजे. हरवलेल्या मुलांचेही तसेच. मूल सापडले की त्याच तासाला फोटो उतरवायचा, आणि त्याच दुव्यावर फक्त ‘सापडले’ एवढे ठेवायचे.

नावांच्या गोंधळाकडे फार कमी जण लक्ष देतात, पण निम्म्या चुका तिथेच होतात. वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी, वडगाव मावळ ही तिन्ही पुणे जिल्ह्यातच आहेत. ‘वडगावात पाणी बंद’ असे लिहिले की तिन्हीकडे घबराट. कोंढवा आणि कोंढवे-धावडे वेगळे. सिंहगड रस्त्यावरचे नांदेड गाव आणि मराठवाड्यातला नांदेड जिल्हा वेगळा, पण बातमी फिरताना हे कुणी सांगत नाही. गणेशनगर, साईनगर, शिवाजीनगर तर किती आहेत याची मोजदाद नाही. म्हणून तुमच्या नेटवर्कची गावनामांची एक पानाची यादी करा, प्रत्येक जागेचे एकच ठरलेले लेखन ठेवा, आणि नोंदीत कायम जोडनाव लिहा: ‘वडगाव बुद्रुक (सिंहगड रस्ता)’. लोक शोधताना रोमन लिपीत ‘pani band dhayari’ असे काहीही टंकतात, म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी ते रोमन शब्दही टाकून ठेवा.

आता नोंदीचे रूप. मी सुचवतो तो साचा असा:

पाणी बंद: गुरुवार (तारीख), दिवसभर
कुठे: वडगाव बुद्रुक (सिंहगड रस्ता), धायरीचा अमुक भाग
काय करावे: बुधवारी रात्री टाक्या भरा. शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा, कमी दाबाने
आधार: महापालिका पाणीपुरवठा विभागाचे प्रकटन (तारीख)
तपासले: बुधवार, सायं. ७.४०
बाद: शुक्रवार, दुपारी १२ नंतर
पूर्ण नोंद: (दुवा)

‘आजपासून’, ‘उद्या’ हे शब्द वापरू नका. पुढे पाठवलेल्या निरोपात उद्या म्हणजे कोणता दिवस, हे कळायला मार्ग नसतो. वार आणि तारीख दोन्ही लिहा. एक चुकली तर दुसरीवरून चूक पकडता येते. वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो लावू नका, कारण त्यात तारीख कापलेली असते आणि तो शोधताही येत नाही. प्रकटने पुष्कळदा स्कॅन केलेली किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली येतात, ती चिकटवली की अक्षरांचा चिवडा होतो. मुद्द्याच्या चार ओळी हाताने टंकणे हेच सगळ्यात जलद.

चूक झालीच, तर नोंद गुपचूप काढू नका. तोच दुवा ठेवा, वर ‘दुरुस्ती, अमुक वाजता’ असे लिहा आणि आधी काय चुकले होते ते एका ओळीत सांगा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप १५ मिनिटांपर्यंतच बदलता येतो, आणि पुढे गेलेल्या प्रती तर आपल्या हातात नसतातच. पुढे गेलेल्या निरोपात दुवा असेल तर वाचणारा निदान दुरुस्तीपर्यंत पोहोचतो. निरोप आखूड आणि दुवा कायम, याचे कारण एवढेच.

व्हॉट्सॲप सोडू नका, लोक तिथेच आहेत. पण कामे वाटून द्या. वेबसाइट ही वही, व्हॉट्सॲप चॅनल ही घंटा, आणि आधीचे ग्रुप हे निरोप पोहोचवणारे. चॅनल एकतर्फी असते आणि त्यात सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. एकट्या राहणाऱ्या बायका आणि ज्येष्ठ मंडळी ग्रुपमध्ये यायला कचरतात ती त्यामुळेच, म्हणून नवा मोठा ग्रुप काढू नका. दिवसाला तीनपेक्षा जास्त घंटा वाजवू नका. पूर-आणीबाणी सोडून हा नियम मोडला की लोक चॅनल मूक करतात, आणि मग नेमक्या त्या रात्री तुमचा आवाज पोहोचत नाही.

इथवरचे एकत्र सांगायचे तर: दोन विषय, दोन तक्ते, एक साचा, एक वही आणि एक घंटा. सात माणसांत हे बसते. बसवायचे कसे ते आता.

सात जण आहात आणि वार सात आहेत, तर वार वाटून घ्या. सकाळी ७ आणि सायंकाळी ७.३०, प्रत्येकी वीस मिनिटे. त्यात आधी कालच्या मुदत संपलेल्या नोंदी बाद करायच्या, मग ठरलेली अधिकृत ठिकाणे बघायची, मग नवी नोंद. हा क्रम उलटला की बाद करणे राहून जाते. छापण्याआधी दुसऱ्या माणसाने वाचायचे, आणि तो दुसरा माणूस म्हणजे उद्याच्या वाराचा. यामुळे आजचे सगळे त्याला आपोआप ठाऊक होते, काम वेगळे समजावून सोपवावे लागत नाही. विसर्ग सुरू असताना रात्रीचे तीन तुकडे करा, ९ ते १, १ ते ५, ५ ते ९. कुणीही सलग दोन रात्री नाही. थकलेला माणूस चुकीचा आकडा टंकतो.

काम बंद पडण्याचे सगळ्यात सामान्य कारण भांडण नसते, तक्रारी असतात. ‘आमच्याकडे पाणी आले नाही, बघा ना’ असे निरोप सुरू झाले की स्वयंसेवक महापालिकेचे बिनपगारी तक्रार निवारण केंद्र होतात आणि चार महिन्यांत गळतात. तक्रार स्वीकारू नका. ती महापालिकेकडे कशी नोंदवायची, तिचा क्रमांक जपून कसा ठेवायचा, दाद मिळाली नाही तर क्षेत्रीय कार्यालयात कुणाकडे जायचे, याचे एक नेटके पान करा आणि प्रत्येकाला आपुलकीने त्याचा दुवा द्या. हे कोरडे वाटेल, पण त्यामुळे माणूस एकदा शिकतो आणि दुसऱ्या वेळी तुमच्यावर अवलंबून राहत नाही.

माननीयांचा, म्हणजे नगरसेवक-पुढाऱ्यांचा, प्रश्न येणारच. पाइपलाइन कुणाच्या प्रयत्नाने झाली हे लिहायचे नाही. ती कधी सुरू होणार ते लिहायचे. ‘सौजन्य’, फोटो, वाढदिवस, काहीही नाही. कोणत्याही पक्षाचे शिबिर असो, जागा, वेळ, कागदपत्रे कोणती आणावीत एवढेच. हा नियम पहिल्या दिवशी लेखी लावा, कारण एकाचा फोटो लावला की बाकीच्यांना नाही म्हणता येत नाही. जाहिराती पहिले सहा महिने घेऊ नका. डबेवाल्या ताईंची, शिकवणीची गरज खरी असते, पण ती नंतर वेगळ्या पानावर, तीस दिवसांच्या मुदतीने.

स्मार्टफोन नसलेल्यांसाठी पुण्याकडे जुना आणि पक्का मार्ग आहे: चौकातला फळा. मंडळाचा फळा, ज्येष्ठ नागरिक संघाचा, वाचनालयाचा. बुधवारी संध्याकाळी खडूने तीन ओळी लिहायला एक माणूस मिळाला तर वेबसाइट न बघणारी निम्मी वस्ती तुमची होते. किराणा दुकान आणि पिठाची गिरणी इथे आठवड्याला एक ए-फोर कागद लावा, अक्षर लांबून वाचता येईल एवढे. आणि वॉचमनना विसरू नका. पंप तेच लावतात, रात्री जागे तेच असतात. पुराची घंटा आधी त्यांच्याकडे वाजली पाहिजे. त्यांचे नंबर त्यांच्या संमतीने, फक्त पाळीवरच्या माणसाकडे.

आता तुमचे तीन प्रश्न. सॉफ्टवेअर: ज्यात प्रत्येक पानाला कायमचा पत्ता मिळतो, मुदतीची तारीख घालता येते आणि सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो, ते कोणतेही. वर्डप्रेस चालेल, पण ते दर महिन्याला अद्ययावत करणारा माणूस हवा. असा कुणी नसेल तर साधी स्थिर पाने बनवणारे साधन घ्या, ते हॅक होण्याची भीती फारच कमी आणि ठेवायला खर्च जवळजवळ शून्य. पान कमी रेंजमध्ये, स्वस्त फोनवर उघडले पाहिजे: चित्रे नाहीत, सजावट नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये सुरू झालेले क्लीव्हलँड फ्री-नेट हे अशा नागरी माहिती-जाळ्यांतले अग्रणी. ते विद्यापीठाच्या यंत्रणेवर चालायचे, आणि १९९९ मध्ये विद्यापीठाने ते बंद केले. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेले दुकान त्याच्या मर्जीने उठते. फक्त फेसबुक पान किंवा फक्त व्हॉट्सॲप यावर सगळे ठेवू नका, ते याच कारणाने.

नोंदणी: पहिल्या वर्षी नको. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात, म्हणजे तुम्ही काठावर आहात, आणि महाराष्ट्रात त्यासोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंद होते. मग दर वर्षी लेखापरीक्षण, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. हे करायला एक माणूस कायमचा गुंततो. जेव्हा देणग्या घ्यायच्या असतील किंवा एखाद्या कंपनीचा निधी येत असेल, तेव्हाच हे ओझे घ्या.

तोवर पैसाही नको. खर्च मोजा: डॉट इन नावाचे वर्षाला साधारण हजाराच्या आतबाहेर, एका वेगळ्या सिमचा रिचार्ज, खडू, कागद, छपाई. सात जणांनी वर्गणी काढली तर भागते. कुणाच्या खाजगी यूपीआयवर लोकांकडून देणगी घेऊ नका, पाचशे रुपये असले तरी. हिशोब चोख असला तरी संशय येतो, आणि संशय आला की पाण्याची नोंदही खोटी वाटू लागते. नावे-नंबर गोळा करायचा मोहही टाळा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची आठवण ठेवा, आणि त्याहून सोपे म्हणजे जे गोळाच केले नाही ते फुटत नाही.

शेवटचे काम पहिल्याच आठवड्यात करायचे आहे. डोमेन कोणत्या ईमेलवर घेतले, ते ईमेल खाते परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर कुणाचा, सिम कुणाच्या नावावर, चॅनलचे प्रशासक कोण, नूतनीकरणाची तारीख कोणती, हे एका कागदावर लिहा आणि तो दोन वेगळ्या घरांत बंद पाकिटात ठेवा. डोमेन एकदम तीन-चार वर्षांचे घ्या. ज्याच्या ईमेलवर ते आहे तो बंगळुरूला बदलून गेला, नूतनीकरणाची सूचना त्या न उघडलेल्या पेटीत पडून राहिली आणि नाव दुसऱ्याने उचलले, असे होते तेव्हा चार वर्षांचे तक्ते आणि दुवे एका दिवसात जातात. दर जून आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पाकीट उघडा, प्रत्येक पासवर्डने खरोखर आत जाऊन बघा, सगळा मजकूर पेनड्राइव्हवर उतरवा आणि नवी तारीख टाकून पाकीट पुन्हा बंद करा.